घरी कळता कामा नये

मी महापालिकेच्या ग्रंथालयात काम करते. शहराने एलजीबीटीआयक्यू, म्हणजे समलैंगिक, उभयलैंगिक, ट्रान्स, आंतरलिंगी अशा मुलामुलींसाठी काय करावं, असा विषय निघाला की बहुतेकांना कायदे आणि मोर्चे आठवतात. मला आठवतो एक मेसेज.

पुस्तक परत करायची तारीख उलटली की आमच्याकडून सभासदाला आपोआप मेसेज जायचा आणि त्यात पुस्तकाचं नाव असायचं. अठरा वर्षांखालच्या सभासदाच्या अर्जावर फोन नंबर आईचा नाहीतर वडिलांचा असतो. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाने समलैंगिकतेवरचं पुस्तक घरी नेलं आणि परत करायला दोन दिवस उशीर केला, की त्या पुस्तकाचं नाव थेट वडिलांच्या फोनवर. यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. ज्याने ती प्रणाली बनवली त्याला वाटलं असेल, नाव दिलं की लोकांना पुस्तक शोधायला सोपं जाईल. पण एका मुलीने पुस्तक हातात धरून मला विचारलं, "मॅडम, उशीर झाला तर घरी काय जातं?" मी तिला खरं ते सांगितलं. तिने पुस्तक नेलं नाही. नंतर कित्येक दुपारी ती कपाटाच्या आडोशाला उभी राहून ते वाचत असे, आणि जाताना भलत्याच विषयाच्या ओळीत मागे सारून ठेवत असे, म्हणजे दुसरं कुणी नेणार नाही.

त्या मेसेजमधून पुस्तकाचं नाव काढून टाकायला आम्हाला बराच पत्रव्यवहार करावा लागला, पण खर्च काहीच आला नाही. आता फक्त "आपल्याकडील एक पुस्तक परत करायचे आहे" एवढंच जातं. कुणाची गैरसोय झाली नाही, कुणी तक्रार केली नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण तरुणांसाठीच्या योजनांवर जेव्हा बैठका होतात तेव्हा नव्या गोष्टी काय सुरू करायच्या यावरच बोलणं होतं. शहर आज नकळत कुणाकुणाचं गुपित फोडतंय, हे तपासायला कुणी बसत नाही. दवाखान्याचा तपासणीचा निरोप घरच्या नंबरवर जातो. समुपदेशकाच्या भेटीची आठवण करून देणारं पत्र घरच्या पत्त्यावर जातं, पाकिटावर विभागाचं नाव ठळक छापलेलं. युवक केंद्राच्या कार्यक्रमाचे फोटो विचारल्याशिवाय फेसबुकवर चढतात, आणि मागच्या रांगेत बसलेला मुलगा त्याच्या काकांना दिसतो.

या मुलांशी बोलताना एक वाक्य इतक्या वेळा कानावर येतं की आता मला तेच सगळ्या धोरणाचं मूळ वाटतं: घरी कळता कामा नये. त्यातल्या काहींना घरी मार बसेल. काहींचं शिक्षण थांबेल, लग्न ठरवलं जाईल, फोन काढून घेतला जाईल. काहींच्या घरी खरं तर काहीच होणार नाही, पण ते त्यांना आज ठाऊक नाही, आणि कधी सांगायचं हे ठरवायचा हक्क त्यांचाच आहे. म्हणून माझं म्हणणं असं आहे की मदत मिळवण्यासाठी मुलाला आधी 'मी अमुक आहे' असं सांगावं लागत असेल, तर ती मदत ज्यांना सगळ्यात जास्त हवी आहे त्यांच्यापर्यंत पोचणारच नाही. शहराची दारं अशी हवीत की काहीही न सांगता आत येता यावं, आणि आत आल्यावर सांगावंसं वाटलं तर ऐकायला कुणीतरी तयार असावं.

पुस्तकांचंच उदाहरण घेते. काही ग्रंथालयांत या विषयाचं वेगळं कपाट असतं, वर मोठी रंगीत पाटी. ते पाहून मला आनंद होतो, पण चौदा वर्षांचं मूल त्या कपाटासमोर उभं राहत नाही. तिथे नुसतं उभं राहणं म्हणजेच सगळ्यांना सांगणं. म्हणून आम्ही दोन्ही करतो. एक प्रत त्या खास कपाटात, दुसरी आपल्या नेहमीच्या जागी: कथा कथांमध्ये, चरित्र चरित्रांमध्ये, वयात येण्याबद्दलची माहिती आरोग्यामध्ये. झिजते ती दुसरी. जिथे पुस्तक स्वतःच नोंदवून नेण्याचं यंत्र बसवता येतं तिथे ते बसवावं, म्हणजे माझ्यासारख्या ओळखीच्या बाईसमोर मुखपृष्ठ ठेवावं लागत नाही.

ग्रंथालयातल्या संगणकांची गोष्ट याहून गंभीर आहे. नको ती संकेतस्थळं अडवण्यासाठी फिल्टर बसवलेला असतो, आणि तो नेमकं काय अडवतो हे सहसा कुणी पाहत नाही. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कॅमडेंटन इथल्या शाळा-प्रशासनावर यावरून २०११ मध्ये खटला झाला. तिथला फिल्टर समलैंगिक आणि ट्रान्स मुलांना आधार देणारी संकेतस्थळं 'लैंगिकता' या वर्गात टाकून बंद करायचा, आणि समलैंगिकतेचा निषेध करणारी संकेतस्थळं मात्र बहुतेक करून 'धर्म' या वर्गात पडल्यामुळे उघडायची. म्हणजे मुलाने स्वतःबद्दल शोध घेतला तर त्याला फक्त तू वाईट आहेस असं सांगणारेच भेटणार. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यायालयाने तो फिल्टर वापरणं थांबवायला सांगितलं. कुठल्याही शहराच्या माहिती-तंत्रज्ञान विभागाला हे एका दुपारी तपासता येईल. हेल्पलाइनची, आरोग्याच्या माहितीची, आधारगटांची संकेतस्थळं एकेक करून उघडून बघायची, बस. आम्ही ते केलं, आणि जे बंद निघालं ते उघडून घेतलं.

आता नावाबद्दल. ट्रान्स मुलांच्या, म्हणजे जन्मावेळी नोंदवलेलं लिंग ज्यांना आपलं वाटत नाही अशा मुलांच्या बाबतीत नाव हा रोजचा काटा असतो. सभासद-कार्डावर एक नाव, मुलाने स्वतःसाठी निवडलेलं दुसरंच, आणि काउंटरवरचा माणूस भर गर्दीत पहिलं नाव मोठ्याने पुकारतो. त्या क्षणी मान खाली घालून निघून गेलेलं मूल पुन्हा येत नाही. ग्रंथालयाचं कार्ड, तरणतलावाचा पास, क्रीडासंकुलाची नोंदणी यांसाठी कायदेशीर नाव छापलंच पाहिजे असा नियम मला आजवर कुणी दाखवलेला नाही. नोंदीत कायदेशीर नाव ठेवा, कार्डावर हाक मारायचं नाव छापा. हे खालच्या पातळीवर, एका परिपत्रकाने होतं.

याबाबतीत न्यूयॉर्क शहराने केलेलं काम मला मनापासून आवडतं. जानेवारी २०१५ मध्ये त्या शहराने रहिवाशांसाठी स्वतःचं ओळखपत्र सुरू केलं. सुरुवातीला ते चौदा वर्षांवरच्या कुणालाही मिळायचं. लिंगाच्या रकान्यात अर्जदार सांगेल ते लिहिलं जातं, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. २०१९ पासून त्यात स्त्री किंवा पुरुष यांपैकी काहीच न सांगणारा 'एक्स' हा पर्यायही आला. निवाऱ्यात राहणाऱ्याला निवाऱ्याचा पत्ता चालतो. आणि हेच कार्ड तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयांत सभासद-कार्ड म्हणूनही वापरता येतं, याचा मला ग्रंथपाल म्हणून विशेष आनंद आहे. शिवाय सगळ्यांसाठी एकच कार्ड असल्यामुळे ते खिशात सापडलं तरी त्यावरून कुणाबद्दल काही कळत नाही. त्याच योजनेत पुढे काय झालं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. अर्जदारांच्या कागदपत्रांच्या प्रती शहर आधी जपून ठेवत असे. २०१६ च्या अखेरीस, त्या स्थलांतरितांविरुद्ध वापरल्या जातील अशी भीती निर्माण झाल्यावर, नव्या अर्जदारांच्या प्रती ठेवणं शहराने थांबवलं. तरुण मुलांसाठी काही सुरू करताना मी हाच प्रश्न सगळ्यात आधी विचारेन: आपण काय लिहून ठेवणार आहोत, आणि ते नाही लिहिलं तर आपलं काही अडतं का? बहुतेक वेळा अडत नाही.

आमच्याकडे आठवड्यातून एका संध्याकाळी वरच्या मजल्यावरची खोली तरुणांसाठी खुली असते. फलकावर 'खुली संध्याकाळ, वय १४ ते २१' एवढंच लिहिलेलं असतं. बुद्धिबळ, पत्त्यांचे खेळ, चित्रकलेचं सामान, एका कोपऱ्यात अभ्यास. नोंदवहीत नाव लिहावं लागत नाही, फक्त कितीजण आले त्याची खूण. येणाऱ्यांत सगळ्या तऱ्हेची मुलं असतात, आणि हे महत्त्वाचं आहे, कारण मग घरी "ग्रंथालयात बुद्धिबळ खेळायला गेलो होतो" हे उत्तर खोटं ठरत नाही. पण खोलीत बसणाऱ्या दोघांनाही नीट प्रशिक्षण मिळालेलं आहे. कुणाला कोणत्या नावाने हाक मारायची हे ते विचारून घेतात. एखाद्याने दुसऱ्याला चिडवण्यासाठी समलैंगिकतेवरून शिवी वापरली, तर खेळ तिथेच थांबवून बोलतात, दर वेळी, न कंटाळता. मुलं हेच पाहत असतात. मला एका मुलाने पुढे सांगितलं की तो बरेच आठवडे फक्त हे बघायला येत होता की शिवी दिल्यावर मोठी माणसं काय करतात.

म्हणून दिसेल असं काही करूच नये, असं मला म्हणायचं नाही. बार्सिलोना शहराने जानेवारी २०१९ मध्ये एलजीबीटीआय लोकांसाठी स्वतःचं केंद्र उघडलं, तोंडावर नाव लिहून, भर शहरात. उघडल्यावर काही दिवसांतच त्याच्यावर हल्ला झाला, काचा फोडल्या गेल्या, आणि तरी ते चालू राहिलं. जे मूल आत पाऊल टाकायची हिंमत अजून करू शकत नाही, त्यालाही बसच्या खिडकीतून ती पाटी दिसते आणि आपल्यासारखे लोक या शहरात आहेत, शहराला ते मान्य आहेत, एवढं कळतं. मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. दारावर इंद्रधनुष्याचं स्टिकर लावायचं आणि आत बसलेल्या माणसाला त्याचा अर्थही माहीत नसायचा. ते स्टिकर म्हणजे मुलाला दिलेला शब्द आहे. त्यावर विश्वास ठेवून एखादं मूल आत आलं आणि समोरच्याने "तू मुलगा की मुलगी?" असं सगळ्यांदेखत विचारलं, तर स्टिकर नसतं तर बरं झालं असतं.

आणि प्रशिक्षण म्हटलं की अधिकाऱ्यांना सभागृहात बसवून भाषण ऐकवतात. खरं म्हणजे मुलाची पहिली गाठ पडते ती दारावरच्या सुरक्षारक्षकाशी, सफाई करणाऱ्या ताईंशी, बसच्या वाहकाशी. कोणत्या स्वच्छतागृहात कुणी जायचं हे प्रत्यक्षात तेच ठरवतात. कंत्राटी कर्मचारी म्हणून नेमके तेच प्रशिक्षणातून वगळले जातात. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथी व्यक्तींना सुरक्षारक्षक म्हणून आणि स्वच्छतेच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या ग्रीन मार्शलच्या पथकात कामावर घेतलं, तेव्हा लोक रोजगाराच्या अंगाने त्यावर बोलले, आणि ते बरोबरच होतं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली. गणवेशातला, शहराने नेमलेला ट्रान्स माणूस फाटकावर उभा असेल, तर त्या फाटकातून आत शिरणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या पुढच्या आयुष्याबद्दल काहीतरी ठोस दिसतं.

स्वच्छतागृहं आणि कपडे बदलायच्या खोल्या यावर वाद खूप होतात, उपाय मात्र साधा आहे: आतून कडी लागणाऱ्या, जमिनीपासून छतापर्यंत बंद अशा एकेकट्या खोल्या. त्या लाजाळू मुलांना हव्या असतात, अपंग माणसांना, लहान बाळ घेऊन आलेल्या वडिलांनाही हव्या असतात. नवीन बांधकामाच्या नकाशातच त्या धराव्यात.

आईवडिलांबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. घरी कळता कामा नये असं मुलं म्हणतात, पण कधी ना कधी कळतं, आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत पुष्कळ काही ठरतं. सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठातल्या केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ ते २५ वयाच्या समलैंगिक आणि उभयलैंगिक तरुणांना त्यांच्या किशोरवयातल्या घरच्या वागणुकीबद्दल विचारलं होतं. ज्यांना घरच्यांनी फार झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, ज्यांना झिडकारलं नव्हतं किंवा कमी झिडकारलं होतं त्यांच्या तुलनेत ८.४ पट होतं. हा आकडा मी कुणाला घाबरवण्यासाठी सांगत नाही. त्याची दुसरी बाजू अशी आहे की आईवडिलांचं वागणं थोडंसं जरी बदललं तरी मुलाचा जीव सुरक्षित व्हायला मदत होते, आणि वागणं बदलता येतं. आमच्या काउंटरवर पालकही येतात. आवाज खाली आणून विचारतात, "हे बरं होतं का हो?" मी सांगते की हा आजार नाही, जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. पण एवढ्याने त्यांचं समाधान होत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना दुसऱ्या पालकांना भेटायचं असतं. ज्यांच्या मुलीने चार वर्षांपूर्वी सांगितलं आणि आज सगळे एकत्र जेवतात, अशा आईला भेटायचं असतं. शहराकडे सभागृहं आहेत, रविवारी ती रिकामी असतात. पालकांच्या गटाला महिन्यातून एकदा एक खोली विनामूल्य द्यावी, आणि त्या गटाचा नंबर शाळा, दवाखाना, ग्रंथालय या सगळ्यांकडे असावा.

आंतरलिंगी बाळांचा, म्हणजे जन्मतः ज्यांचं शरीर ठरावीक मुलाचं किंवा मुलीचं नसतं अशा बाळांचा विषय इथे अनेकांना लांबचा वाटेल, पण प्रसूतिगृह शहराचं असेल तर तो शहराचाच आहे. बाळाच्या जिवाला धोका नसताना, फक्त शरीर मुलाचं किंवा मुलीचं दिसावं म्हणून केलेली शस्त्रक्रिया पुढे ते मूल मोठं झाल्यावर बदलता येत नाही. तामिळनाडूने २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, लहान बाळांवरच्या अशा शस्त्रक्रियांना जिवावर बेतल्याशिवाय मनाई केली. तिथवर न पोचलेल्या ठिकाणीही शहराच्या रुग्णालयाला एवढं नक्की करता येतं की बाळंतपणानंतरच्या त्या गोंधळलेल्या दिवसांत आईवडिलांवर घाई न लादता त्यांना नीट माहिती द्यावी, आणि दुसऱ्या आंतरलिंगी माणसाशी त्यांची गाठ घालून द्यावी.

हे सगळं सांगितलं की एक उत्तर हमखास मिळतं: देशाचा कायदा बदलल्याशिवाय शहराच्या हातात काय आहे? जपानमध्ये समलिंगी जोडप्यांसाठी देशपातळीवर काहीच नव्हतं, तेव्हा टोकियोतल्या शिबुया आणि सेतागाया या दोन प्रभागांनी २०१५ मध्ये स्वतःची भागीदारी-प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. कायद्याच्या दृष्टीने ते लग्न नव्हतं. पण एकामागून एक नगरपालिकांनी ती पद्धत उचलली, आणि २०२२ मध्ये खुद्द टोकियो महानगरानेही ती आणली. व्हिएन्ना शहरात १९९८ पासून एलजीबीटीआयक्यू लोकांसाठी महापालिकेचं स्वतंत्र कार्यालय आहे. भेदभावाच्या तक्रारी घेणं आणि शहराच्या इतर विभागांना शिकवणं हे त्याचं काम. एका विभागाने सुरुवात करून बाकीच्यांच्या मागे लागायचं, ही पद्धत मला फार पटते, कारण आमच्याकडे प्रत्येक विभाग म्हणतो की हे समाजकल्याणचं काम, आणि समाजकल्याण म्हणतं की हे शिक्षणाचं.

आता ज्या गोष्टीने माझी झोप जाते तिच्याकडे येते. ग्रंथालय बंद व्हायच्या वेळेची गोष्ट.

घर सोडावं लागलेलं मूल दिवसा ग्रंथालयात येतं. उन्हापावसापासून आडोसा, पिण्याचं पाणी, फोनला चार्जिंग, आणि इथे का बसलास असं कुणी विचारत नाही. आम्हाला ती मुलं ओळखू येतात. पाठीवरची सॅक नेहमीपेक्षा फुगलेली, सकाळी दार उघडताच स्वच्छतागृहात जाऊन केस धुणं, तेच पान उघडं ठेवून तासन् तास बसणं. संध्याकाळी दिवे एकेक करून बंद होऊ लागले की ते सगळ्यात शेवटी उठतात. त्यांनी कधी काही सांगितलं तर बहुतेकदा तेव्हाच सांगतात, दारात, शटर अर्धं खाली आलेलं असताना. "आज झोपायला जागा नाही."

मग मी कुठे पाठवायचं? शहराच्या रात्रनिवाऱ्याला दोन दारं असतात, एक पुरुषांचं आणि एक बायकांचं. ट्रान्स मुलगी पुरुषांच्या बाजूला गेली तर तिची रात्र कशी जाईल हे सांगायला नको, आणि बायकांच्या बाजूला तिला घेतीलच याची खात्री नाही. समलैंगिक मुलगा पुरुषांच्या बाजूला जातो आणि रात्रभर जागा राहतो. सतराचं मूल असेल तर निवारा घेत नाही, बालगृहात पाठवतात, आणि बालगृहाची पहिली कृती म्हणजे घरी फोन. ज्या घरातून ते बाहेर पडलं, त्याच घरी.

याच पेचातून पूर्वीही लोकांनी वाट काढली आहे, आणि बहुतेक वेळा ज्यांच्याकडे काहीच नव्हतं अशांनी. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली सिल्व्हिया रिव्हेरा आणि मार्शा पी. जॉन्सन या दोघी कार्यकर्त्यांनी, स्वतः डोक्यावर धड छप्पर नसताना, रस्त्यावर राहणाऱ्या ट्रान्स आणि समलैंगिक पोरांसाठी घर चालवलं. सुरुवातीची जागा म्हणजे उभा असलेला एक ट्रेलर होता. नंतर भाड्याची इमारत मिळाली, तीही पुढच्याच वर्षी सोडावी लागली. मँचेस्टरमध्ये १९८९ साली अल्बर्ट केनेडी नावाचा सोळा वर्षांचा, बालगृहातून पळालेला मुलगा पार्किंगच्या इमारतीवरून पडून मरण पावला. त्याच वर्षी त्याच्या नावाने सुरू झालेली संस्था अशा मुलांना समलैंगिक प्रौढांच्या घरी ठेवण्याची सोय करू लागली. टोरोंटोमध्ये फेब्रुवारी २०१६ मध्ये स्प्रॉट हाउस उघडलं: सोळा ते चोवीस वयाच्या पंचवीसजणांची सोय, वर्षभरापर्यंत मुक्काम. चालवते वायएमसीए, पैसा शहर देतं. वर्षभर ही मुदत मला महत्त्वाची वाटते. एका रात्रीची खाट मिळाली तर सकाळी मुलाला पुन्हा तोच प्रश्न पडतो. वर्ष मिळालं तर शाळा पुरी होते, कागदपत्रं होतात, काम शोधता येतं.

राहायची जागा नसेल तर बाकी कशाचाच उपयोग होत नाही, हे कोची मेट्रोने दाखवून दिलं. २०१७ मध्ये तिने तेवीस ट्रान्स व्यक्तींना नोकरी दिली. तो निर्णय धाडसाचा होता, जगभर त्याची बातमी झाली. काही आठवड्यांतच त्यातल्या काहीजणी काम सोडून गेल्या, कारण शहरात त्यांना कुणी भाड्याने खोली देईना. याच्या नेमकं उलट, पैशापासून सुरुवात करणारं काम ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराने केलं. २०१५ मध्ये ट्रान्ससिडादानिया नावाच्या योजनेत, शंभरजणांपासून सुरुवात करून, ट्रान्स व्यक्तींना दरमहा विद्यावेतन द्यायला घेतलं. अट एकच, अर्धवट राहिलेली शाळा पुरी करायची. चिडवणुकीला कंटाळून नववीत शाळा सोडलेल्या मुलीला पुन्हा वर्गात बसवायचं तर तिच्या पोटाचा विचार आधी करावा लागतो, हे त्यांनी ओळखलं.

या विषयावर बोलायला गेले की नगरसेवक विचारतात, "पण मॅडम, अशी मुलं आहेत किती?" प्रश्न रास्त आहे, अंदाजपत्रक आकड्यांवर चालतं. पण ज्यांची पहिली गरज कुणाला न कळणं ही आहे, त्यांची शिरगणती कशी करणार? घरोघरी जाऊन आईसमोर विचारणार? अमेरिकेत २०१२ मध्ये विल्यम्स इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने मुलांना विचारण्याऐवजी बेघर तरुणांसाठी काम करणाऱ्या संस्थांना विचारलं. त्यांच्या सांगण्यानुसार मदतीला येणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलं एलजीबीटी होती, आणि घर सुटण्याचं सगळ्यात मोठं कारण घरच्यांनी नाकारणं. आम्हीही तसंच करू शकतो. निवारे, दवाखाने, शाळांचे समुपदेशक, ग्रंथालयं यांना वर्षातून एकदा विचारावं, एकाही मुलाचं नाव न घेता.

पुढच्या अंदाजपत्रकासाठी मी आमच्या विभागामार्फत जे लेखी दिलं आहे ते असं. ग्रंथालय बंद व्हायच्या वेळी फोन केला तर उचलेल असा, शहराने पगार दिलेला एक माणूस. शहराच्या मालकीच्या रिकाम्या कर्मचारी-निवासांपैकी एक इमारत, एकेकट्याच्या खोल्या, आतून कडी, दारावर कोणतीही पाटी नको. वयाची मर्यादा अठराला न तोडता चोवीसपर्यंत. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या घरी कळवण्याआधी बालकल्याण समितीने समुपदेशकासोबत बसून मुलाचं म्हणणं ऐकावं, अशी लेखी कार्यपद्धती. दाखल होताना अर्जावर लैंगिकतेचा रकाना नको, फक्त हाक मारायचं नाव आणि काही औषधं चालू आहेत का एवढं. आणि पहिल्या रात्री कोणताही कागद मागायचा नाही. कागद दुसऱ्या दिवशी, नाश्ता झाल्यावर.